फॅब गेला, फिल्म बाकी आहे

एप्रिलच्या भर दुपारी चाकण-तळेगाव रस्त्यालगतच्या कंपन्यांच्या फाटकाबाहेर कामगारांच्या दुचाक्या ओळीने उन्हात उभ्या असतात. पाळी सुटते, किल्ली फिरते, आणि करड्या पाटीवर काळे आकडे दाखवणाऱ्या जुन्या धाटणीच्या एखाद्या मीटरवर आकड्यांऐवजी नुसता काळा डाग दिसतो. गाडी पाच-दहा मिनिटे चालली, वारा लागला, की डाग विरतो आणि आकडे परत येतात. मीटर बिघडलेले नसते. काचेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये कोंडलेल्या द्रवस्फटिकाचे रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वळत जाणाऱ्या जिन्यासारखे रचलेले असतात. प्रकाश त्या जिन्याने वळतो, म्हणूनच पलीकडच्या ध्रुवकातून बाहेर पडू शकतो. ठरावीक तापमानाच्या वर रेणूंची ही रांग मोडते, द्रवस्फटिक साध्या द्रवासारखा वागू लागतो, प्रकाश वळेनासा होतो आणि सगळी खिडकी काळी पडते. या तापमानाला ‘क्लिअरिंग पॉइंट’ म्हणतात. मीटर बनवणाऱ्याच्या लेखी हा दोष आहे. तो टाळण्यासाठी गाड्यांच्या पडद्यांत शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर क्लिअरिंग पॉइंट असलेली मिश्रणे भरावी लागतात. पण त्या काळ्या डागाने एक खरी बातमीही दिलेली असते: इथे अमुक तापमान ओलांडले गेले. ही बातमी द्यायला त्याला ना बॅटरी लागली, ना सेन्सर, ना तार. उष्णतेला दोष न मानता निरोप मानणारी द्रवस्फटिक आणि पॉलिमर यांची संमिश्रे आज जगभरच्या प्रयोगशाळांत तयार होत आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याला डिस्प्लेच्या उद्योगात शिरायचे असेल, तर त्याचे दार इथे आहे, असे माझे म्हणणे आहे.

या पट्ट्यात ‘डिस्प्ले’ हा शब्द निघाला की अजूनही सप्टेंबर २०२२ ची आठवण निघते. वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार, अशी हवा होती. १३ सप्टेंबरला सामंजस्य करार झाला तो गुजरातशी. सेमीकंडक्टरचीच चर्चा जास्त झाली, पण त्या गुंतवणुकीतला मोठा वाटा डिस्प्ले फॅबसाठी, म्हणजे पडद्याचे पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यासाठी, राखलेला होता, हे फारसे कोणी लक्षात घेतले नाही. राज्यात आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला. पुढे १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली, आणि ठरलेल्या रूपातला तो प्रकल्प ना तळेगावात उभा राहिला, ना गुजरातेत. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींची योजना आखताना सेमीकंडक्टरच्या जोडीने डिस्प्ले फॅबलाही मदत देऊ केली होती, तरी पडद्याचे मूळ पॅनेल आपण आजही आयातच करतो. महिंद्राच्या चाकण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेच्या मोटारीत १२.३ इंची तीन पडदे आहेत. मर्सिडीजच्या चाकण प्रकल्पात २०२२ पासून जुळवल्या गेलेल्या ‘ईक्यूएस’ मध्ये तर १४१ सेंटिमीटर रुंदीचा ‘हायपरस्क्रीन’ डॅशबोर्डभर पसरलेला आहे. पडदे इथे गाडीत बसतात, पण जन्मतात दुसरीकडे. ही खंत रास्त आहे. तिच्यावर जो उतारा सुचवला जातो, म्हणजे ‘आणखी एक अजस्र फॅब आणा’, तो मात्र चुकीचा आहे.

तो चुकीचा का, हे या पदार्थाच्या इतिहासातच दिसते. १८८८ साली प्राग इथे फ्रीड्रिख राइनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेले कोलेस्टेरिल बेंझोएट तापवत होता. ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ द्रव झाले आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ झाले. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू! यातूनच द्रवस्फटिक ही संकल्पना निघाली. म्हणजे तिचा शोधच मुळी तापमापीवर लागला. त्यानंतर कित्येक दशके ही प्रयोगशाळेतली गंमत राहिली, कारण हाती असलेले बहुतेक पदार्थ शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय ही अवस्था दाखवतच नव्हते. अमेरिकेच्या आरसीए कंपनीत १९६८ मध्ये जॉर्ज हाइलमायर यांनी द्रवस्फटिकाचा पडदा जगासमोर मांडला, तरी नेहमीच्या तापमानाला टिकणारा आणि उजेडाने न बिघडणारा पदार्थ नसल्याने गाडे अडले. ते सुटले इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात, जॉर्ज ग्रे यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायनोबायफेनिल रेणू बनवले तेव्हा. त्यातला सर्वांत प्रसिद्ध रेणू सुमारे २४ ते ३५ अंशांतच द्रवस्फटिक राहतो. चाकणच्या एप्रिलमध्ये सावलीतही त्याची रांग मोडली असती. म्हणून त्याच्या भावंडांशी त्याची मिश्रणे करून मर्यादा साठ अंशांच्या आसपास नेली गेली, आणि मग मनगटी घड्याळे, कॅल्क्युलेटर, मोबाइल अशी रांग लागली. पडद्याचा उद्योग कारखान्याच्या आकाराने उघडला नाही. तो एका रसायनाने, तेही उष्णतेचा प्रश्न सुटल्यावर उघडला.

दुसरा दाखला आपल्या अंगणातला आहे आणि जास्त टोचणारा आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पदवी घेतली आणि ते बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत गेले. तिथेच १९७७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक जगाला दाखवले. तोवर सगळे द्रवस्फटिक काडीसारख्या रेणूंचे असतात, असेच मानले जात होते. हा शोध भारतात, भारतीय संशोधन-पत्रिकेत प्रसिद्ध झाला. पुढे १९९० च्या दशकात एलसीडी पडद्यांची एक मोठी अडचण होती: जरा तिरके पाहिले की रंग उलटेपालटे दिसत. जपानच्या फुजीफिल्मने थाळीच्या आकाराचे रेणू एका पारदर्शक पट्टीवर पातळ थरात पसरून, पॉलिमरच्या बंधांनी जागच्या जागी गोठवून, हा दोष झाकणारी फिल्म बाजारात आणली. फुजी पॅनेल बनवत नव्हती. फोटोच्या रिळांसाठी लागणारी पट्टी ओतणे आणि तिच्यावर एकसारखा थर चढवणे, ही तिची पिढीजात कला होती. तीच तिने नव्या कामाला लावली. मूळ शोध नागपुरात शिकलेल्या माणसाचा, फिल्म जपानची. आपल्याकडे तेव्हा काय कमी होते? फॅब नव्हता, हे खरे, पण फॅब तर फुजीकडेही नव्हता. तिच्याकडे होती ती रसायन आणि कारखाना यांच्यामधली जागा ओळखणारी नजर. पॅनेल बनवणाऱ्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. आरसीएने पडद्याचा नाद लवकरच सोडला. शार्पने ऑगस्ट २०२४ मध्ये साकाई इथल्या आपल्या प्रचंड कारखान्यातले टीव्ही पॅनेलचे उत्पादन थांबवले. सॅमसंगही एलसीडीतून बाहेर पडली. उलट जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मर्क कंपनीने १९०४ मध्येच द्रवस्फटिक विकायला घेतले, सहा-सात दशके किरकोळ गिऱ्हाइकीवर काढली, आणि पडदे आल्यावर जगाला तोच माल पुरवला.

आता उष्णतेला निरोप मानणाऱ्या संमिश्रांच्या फिल्मकडे जवळून पाहू. पातळ पॉलिमरमध्ये द्रवस्फटिक मिसळून ते मिश्रण अतिनील दिव्याखाली धरले की पॉलिमर घट्ट होतो आणि द्रवस्फटिकाचे एक-दोन मायक्रॉनचे थेंब त्यात अडकून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे पावसाळी काचेवरच्या दाटीवाटीच्या थेंबांसारखे दिसते. पॉलिमरचा अपवर्तनांक साधारण १.५२ असतो. द्रवस्फटिकाला मात्र दिशेनुसार दोन अपवर्तनांक असतात, समजा १.५२ आणि १.७४. थेंबांची तोंडे वाटेल तशी वेगवेगळ्या दिशांना असली की प्रकाशाला पावलोपावली ठेच लागते आणि फिल्म दुधी दिसते. पन्नास-साठ व्होल्टचा दाब देऊन सगळे थेंब एका दिशेला वळवले की ठेच लागत नाही आणि फिल्म स्वच्छ होते. कार्यालयांतल्या बटण दाबताच दुधी होणाऱ्या काचा आणि फोक्सवॅगनच्या ‘आयडी.७’ मोटारीचे छत याच तत्त्वावर चालतात. या साध्या फिल्मला उष्णता दिली तर गंमत होते: तापून रांग मोडली की दोन अपवर्तनांकांमधला फरक मिटतो, धुके कमी होते आणि फिल्म उलट स्वच्छतेकडे झुकते. उन्हासाठी हे अगदी उफराटे. म्हणून संशोधकांनी वेगळी वाट धरली. थंड असताना थरांत शिस्तीने उभे राहणारे, म्हणजे स्मेक्टिक अवस्थेतले, आणि तापल्यावर पिळवटून वेटोळी घालणारे, म्हणजे कोलेस्टेरिक अवस्थेतले मिश्रण घ्यायचे आणि त्याला पॉलिमरच्या विरळ जाळ्याचा आधार द्यायचा. सकाळी फिल्म स्वच्छ, दुपारी तापली की वेटोळ्यांमुळे दुधी, संध्याकाळी निवली की जाळे रेणूंना पुन्हा उभ्या रांगेत आणते. बदल कोणत्या अंशाला व्हावा, हे मिश्रणाच्या प्रमाणावर ठरते. उद्योगाच्या हिशेबाने सर्वांत मोलाची गोष्ट अशी की या फिल्मला वीजवाहक थर लागत नाही. विजेवरच्या फिल्ममध्ये दोन्ही बाजूंना इंडियम-टिन ऑक्साइडचा लेप असतो, शिवाय कडेला तारा आणि मागे वीजपुरवठ्याचा डबा. उष्णतेवरच्या फिल्ममधून हा सगळा लवाजमा गळून पडतो.

‘पण याला डिस्प्ले का म्हणायचे?’ असा प्रश्न इथे कोणी विचारील. डिस्प्ले म्हणजे दिसण्यातला बदल घडवून माहिती देणारा पृष्ठभाग, एवढीच व्याख्या केली तर एका प्रश्नाचे ‘हो किंवा नाही’ असे उत्तर देणारी दुधी काचही डिस्प्लेच ठरते. कपाळावर चिकटवून ताप पाहायची पट्टी किंवा माशांच्या टाकीवरचा तापदर्शक हे या घराण्याचे जुनेच सदस्य आहेत. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकाच्या वेटोळ्याचा आटा तापमानाने बदलतो, त्याप्रमाणे परावर्तित होणारा रंग लालाकडून हिरव्याकडे आणि पुढे निळ्याकडे सरकतो. हा द्रवस्फटिक पॉलिमरच्या सूक्ष्म कोषांत भरून शाईसारखा छापला की झाले. अशी पट्टी विजेच्या पॅनेलमधल्या बसबारच्या सांध्याजवळ किंवा बॅटरीच्या खोक्यावर लावली, तर सांधा नेमका कुठे तापतो आहे ते शॉपवरच्या कोणालाही लांबून दिसते. तापमान टिपणारा कॅमेरा आज मिळतो, पण तो कोणाच्या तरी हातात असावा लागतो. पट्टी चोवीस तास जागेवर असते.

या पट्ट्याच्या ताकदीचा हिशेब मांडायचा तर आधी एक साधे गणित करावे लागते. वीस मायक्रॉन जाडीच्या फिल्मचा निम्मा भाग द्रवस्फटिक धरला, तर एका चौरस मीटरला सुमारे दहा ग्रॅम लागतात. मोटारीच्या काचेच्या छताचे क्षेत्रफळ ढोबळ मानाने तेवढेच धरू. म्हणजे एक लाख मोटारींच्या छतांना लागेल फक्त एक टन द्रवस्फटिक! हा आकडा हजारो कोटींच्या प्रकल्पाचा नाही, पायलट प्लांटचा आहे. बारीक आणि अतिशुद्ध रसायन थोड्या प्रमाणात बनवणे या भागाला नवे नाही. पिंपरीची औद्योगिक ओळख मोटारींनी नाही, तर १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने घडवायला घेतली, आणि हमायसिन हे बुरशीविरोधी औषध याच कारखान्याच्या संशोधनातून निघाले. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, टेल्को आणि बजाज त्यानंतर आल्या. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, तिच्या आवारात नवउद्योगांसाठी व्हेंचर सेंटर चालते, आणि इलेक्ट्रॉनिकीसाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट ही संस्थाही पुण्यातच आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागात पॉलिमरमध्ये विखुरलेल्या द्रवस्फटिकांवर संशोधन झाले आहे. पॉलिएस्टरची पट्टी आणि ऊन अडवणाऱ्या फिल्म बनवण्यात छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे हाय-टेक फिल्म्सने नाव कमावले आहे. मोटारीच्या काचा बनवणाऱ्या सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना चाकणजवळ कुरुळीत आहे. गाडीला मान्यता देण्यासाठी चाचण्या घेणारी एआरएआय १९६६ पासून पुण्याच्या टेकडीवर आहे. रसायन, पट्टी, काच, चाचणी आणि गिऱ्हाईक अशा पाच कड्या एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. कमी आहे ती त्यांना ओवणारी सहावी कडी.

यावर पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. दुधी काच म्हणजे सावली नव्हे. धुक्यासारखी फिल्म प्रकाश विखुरते, पण त्यातला बराचसा प्रकाश पुढेच जातो. डोळ्यांना चकाकी कमी भासली तरी उष्णता आत येतच राहते. म्हणून ‘ही फिल्म लावा आणि वातानुकूलनाचा खर्च वाचवा’ अशी जाहिरात कोणी केली तर ती फसवणूक ठरेल. उष्णता खरोखर अडवायची तर अवरक्त किरण परतवणारा कोलेस्टेरिक थर जोडीला हवा, आणि असा एक थर प्रकाशाच्या एकाच वळणाचा, म्हणजे जास्तीत जास्त निम्मा भाग परतवतो; उरलेल्यासाठी उलट्या वळणाचा दुसरा थर लागतो. हे होण्यासारखे आहे, पण ती पुढची पायरी आहे. विखुरणे हेच जिथे हवे असते अशी जागाही शेजारीच आहे: मावळातली गुलाबाची पॉलिहाऊसे. तिथे विखुरलेला उजेड खालच्या पानांपर्यंत पोहोचतो, आणि उन्हाळ्यात शेतकरी शेडनेट ओढून किंवा छतावर पांढरा थर मारून तेच साधतात. मग पॉलिहाऊस हाच पहिला बाजार का नाही? कारण मघाचेच गणित इथे उलटते. एका एकराला चाळीस किलो द्रवस्फटिक लागेल, आणि हा खर्च कोणत्याही गुलाबाच्या पिकातून निघणार नाही. ज्या हिशेबाने मोटारीचे छत शक्य कोटीत येते, त्याच हिशेबाने पॉलिहाऊस आज बाद होते. नव्या तंत्राचे कौतुक करणाऱ्यांनी निदान एवढा हिशेब मांडल्याशिवाय पुढचे वाक्य लिहू नये.

दुसरा आक्षेप वापराचा आहे. आपोआप दुधी होणाऱ्या काचेवर माणसाचा ताबा काय? समोरच्या आणि बाजूच्या काचांसाठी हा आक्षेप निर्णायक आहे, आणि तिथे ही फिल्म लावूच नये. ऊन कितीही असो, चालकाला रस्ता दिसलाच पाहिजे. कायदाही तेच सांगतो: केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या शंभराव्या नियमाप्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे, आणि एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वरून फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. पण ही टक्केवारी या तीन बाजूंच्या काचांना लावलेली आहे. छताची गोष्ट वेगळी, आणि तिथे आपोआप चालणे हाच गुण आहे. गाडी सर्वांत जास्त तापते ती उभी असताना, आत कोणी नसताना. कारखान्यांच्या मोकळ्या यार्डात तयार मोटारी रांगेने उन्हात उभ्या असतात, तेव्हा बटण दाबायला कोण येणार आहे?

टिकाऊपणाचा आक्षेप याहून अवघड. दोन काचांमध्ये पीव्हीबीचा चिकट थर घालून त्या ऑटोक्लेव्हमध्ये १३०-१४० अंशांना, वातावरणाच्या दहा-बारा पट दाबाखाली एकजीव केल्या जातात. त्या भट्टीतून द्रवस्फटिकाची फिल्म सुखरूप बाहेर यायला हवी. पीव्हीबीतला प्लास्टिसायझर फिल्मच्या कडेतून आत झिरपला की कडा हळूहळू खराब होतात, म्हणून कड बंद करण्याची पद्धत वेगळी लागते. आणि दहा वर्षांच्या अतिनील किरणांनी पॉलिमर पिवळा पडता कामा नये. हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण ते भट्टी, दाब, कड आणि लेप यांचे प्रश्न आहेत, म्हणजे ज्यांच्यावर हा पट्टा गेली साठ वर्षे पोट भरतो आहे अशाच जातीचे. नवा रेणू इथल्या कोणाला सुचेलच याची खात्री कोणी देऊ नये. कड इथल्याला बंद करता येईल, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. उलट टिकाऊपणा तपासायला इथले ऊनच हाताशी आहे. बंद मोटारीचा डॅशबोर्ड उन्हात सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत जातो. थंड देशातल्या प्रयोगशाळेला हे कृत्रिमरीत्या घडवावे लागते. इथे ते यार्डात फुकट मिळते.

तिसरा आक्षेप बाजाराचा. द्रवस्फटिकाच्या मिश्रणांवर जर्मन आणि जपानी कंपन्यांची दीर्घ पकड होती, आता चिनी कंपन्या स्वस्त माल घेऊन उतरल्या आहेत. अशा वेळी आपण नव्याने शिरून काय मिळवणार? पडद्यांच्या मिश्रणात शिरणे खरोखरच वेडेपणाचे आहे. तिथली शुद्धतेची आणि वेगाची शर्यत संपत आली आहे. उष्णतेवर चालणाऱ्या संमिश्रांचा बाजार मात्र अजून कोणाच्याच खिशात गेलेला नाही. चीनच्या विद्यापीठांत यावर भरपूर काम झाले आहे. पण कोणत्या अंशाला बदल व्हावा, तो किती झपाट्याने व्हावा, पावसाळ्याच्या दमटपणात कड कशी टिकावी, या प्रश्नांची उत्तरे हवामानागणिक बदलतात. मिश्रणाचे प्रमाण किंचित बदलून बदलबिंदू सरकवता येणाऱ्या पदार्थात स्थानिक ज्ञानाला किंमत असते. सुरुवातीला द्रवस्फटिक आयात केला तरी हरकत नाही. टेल्को आणि बजाजच्या आसऱ्याने भोसरी-चिंचवडच्या शेडमधून जे पुरवठादार मोठे झाले, त्यांनीही पोलाद स्वतः गाळले नव्हते. त्यांनी एक भाग घेतला, तो नीट बनवला, मग दुसरा घेतला.

चौथा आक्षेप रोजगाराचा, आणि राजकारणात तोच सर्वांत जोरात ऐकू येतो: असल्या छोट्या फिल्मने किती हातांना काम मिळणार? फॅबच्या तुलनेत कमीच. पण न आलेल्या फॅबने किती हातांना काम दिले, हेही विचारायला हवे. मोठ्या प्रकल्पाची वाट पाहणे ही आपली एक सवयच झाली आहे. तो आला की मिरवणूक, गेला की निषेध, आणि दोन्हींच्या मधल्या वर्षांत काहीच नाही. फिल्मच्या उद्योगाला शेकडो एकर जागा लागत नाही, पाण्याचा वेगळा स्रोत लागत नाही, मंत्रालयात फेऱ्या लागत नाहीत. त्याला लागतात स्वच्छ खोली, लेप चढवायचे यंत्र, अतिनील दिवे, चार-सहा पॉलिमर-रसायनज्ञ आणि पाच वर्षे थांबायची तयारी असलेला एक पहिला खरेदीदार. यातला शेवटचा घटक सर्वांत दुर्मीळ आहे.

म्हणून क्रम असा असावा. पहिली दोन-तीन वर्षे छापील ताप-पट्ट्यांची: बॅटरी, बसबार, भट्टीचे आवरण, औषधांची खोकी. डायल आणि नेमप्लेट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या शेडना हे काम परके नाही, आणि चूक झाली तरी ती पट्टीपुरती राहते. त्यातून कोष, शाई आणि रंगाचा अचूकपणा हाताला लागला की मग मोटारीच्या छताकडे जावे, तेही उष्णता अडवण्याचा खोटा दावा न करता, आधी चकाकीसाठी आणि पुढे अवरक्त थर जोडून. या काळात प्रयोगशाळेने शोधनिबंधाबरोबर एक चौरस मीटरची फिल्म द्यावी, काचवाल्याने ती भट्टीतून काढून दाखवावी, एआरएआयने तिच्यासाठी चाचणी ठरवावी, आणि इथल्या मोटार कंपन्यांपैकी निदान एकीने एका मॉडेलच्या छतासाठी खरेदीची लेखी हमी द्यावी. सरकारला काही द्यायचेच असेल तर त्याने या हमीत वाटा घ्यावा. भूखंडाची घोषणा नंतर करता येईल. नागपुरात शिकलेल्या शास्त्रज्ञाचा शोध फुजीच्या फिल्मवर जाऊन बसला, कारण इथे त्याला पट्टी देणारे कोणी नव्हते. आज पट्टी संभाजीनगरला आहे, काच कुरुळीत आहे, ऊन सगळीकडे आहे. तळेगावच्या फॅबसाठी जेवढी निवेदने लिहिली गेली, त्यातले एक जरी या फिल्मच्या पहिल्या खरेदीसाठी लिहिले गेले, तरी ते जास्त उपयोगी पडेल.